आधी वायर ओळखा, मोडेम मग घ्या

प्रश्न: आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. मुलगा पुण्यात आयटी कंपनीत आहे. घरून काम करायची मुभा मिळालीय म्हणून मे महिन्यापासून दसऱ्यापर्यंत तो इथेच राहायचं म्हणतोय. यांची तब्येत हल्ली बरी नसते, तेव्हा तो येतोय याचा आम्हाला मोठा आधार वाटतो. पण त्याची अट एकच, नेट चांगलं हवं. आमचा केबलवाला म्हणतो, ‘काकी, टीव्हीच्या वायरवरच नेट देतो, मोडेम तेवढा तुमचा आणा.’ अमेरिकेतल्या लेकीने तिथला भारी केबल मोडेम पाठवलाय, खोक्यावर ‘डॉक्सिस ३.१’ असं लिहिलंय. शेजारचे म्हणतात, फायबर घ्या. हा मोडेम इथे चालेल का? नसेल तर कुठला घ्यावा? आणि पावसाळ्यात नेट टिकेल का?
– एक वाचक, गुहागर

ताई, लेकीने पाठवलेला मोडेम सध्या खोक्यातच राहू द्या, सीलसुद्धा फोडू नका. केबलवाल्याला ॲडव्हान्सही देऊ नका. मोडेम ही यातली शेवटची खरेदी. घरात कुठली वायर येणार आहे आणि ती वायर कशावर चालते, हे कळलं की मोडेम कुठला हे आपोआप ठरतं. मुलगा तुमच्याजवळ पाच महिने राहणार की पंधरा दिवसांत कंटाळून पुण्याला परतणार, हे बरंचसं त्या वायरीवर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

‘केबल मोडेम’ म्हणजे टीव्हीच्या जाड काळ्या गोल वायरीवर, म्हणजे कोॲक्सवर, नेट चालवणारं यंत्र. त्या वायरीच्या पोटात मधोमध एक तार असते, भोवती पांढरा फेस आणि त्यावर जाळी. या वायरीवरून नेट कसं न्यायचं याचे नियम अमेरिकेत १९९७ साली ठरले, त्यांचं नाव डॉक्सिस. पुढे २००६ मध्ये ३.० आलं आणि २०१३ मध्ये ३.१. लेकीने पाठवलेला मोडेम या ३.१ जातीचा आहे आणि यंत्र म्हणून तो उत्तमच असणार. पण त्याला समोरून तीच भाषा बोलणारं यंत्र लागतं. ते केबलवाल्याच्या कंट्रोल रूममध्ये असतं आणि त्याला सीएमटीएस म्हणतात. ते नसेल तर तुमच्याकडचा मोडेम नुसता दिवे लुकलुकवत बसेल.

शिवाय टीव्हीची लाइन एका दिशेची असते. चित्र त्यांच्याकडून तुमच्याकडे येतं, तुम्हाला उलट काही पाठवायचं नसतं. नेटला दोन्ही दिशा लागतात. म्हणून वाटेतल्या खांबांवरच्या प्रत्येक अँप्लिफायरमधून, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या डबीतून, उलटा सिग्नलही जाऊ शकला पाहिजे. निव्वळ टीव्हीसाठी ओढलेल्या जुन्या लाइनीत पुष्कळदा ही सोयच नसते. तेव्हा टीव्ही झकास दिसतो म्हणजे त्याच वायरीवर नेटही येईल, असं धरून चालू नका.

अमेरिकन मोडेमची अडचण आणखी वेगळी आहे. तिथे केबलवरचा एक चॅनल ६ मेगाहर्ट्झ रुंद असतो. युरोपीय पद्धतीत तो ८ मेगाहर्ट्झचा, आणि आपल्याकडचा डिजिटल केबल टीव्हीही ८ च्याच मापाने चालतो. उलट्या दिशेसाठी अमेरिकेत पूर्वापार ५ ते ४२ मेगाहर्ट्झचा पट्टा राखलेला आहे, युरोपीय पद्धतीत ५ ते ६५ चा. मोडेम एका मापाचा आणि लाइन दुसऱ्या मापाची असेल तर जोडणी सहसा होत नाही. झालीच तरी ऑपरेटरने त्या मोडेमचा मॅक नंबर, म्हणजे यंत्राची स्वतःची ओळख, आपल्या सिस्टीममध्ये चढवावा लागतो, आणि अनोळखी यंत्र चढवायला बहुतेक जण तयार नसतात. अडॅप्टरही बघून घ्या. त्याच्यावर बारीक अक्षरात ‘इनपुट’ लिहिलेलं असतं. तिथे १००–२४० व्होल्ट असेल तर ठीक, नुसतं १२० असेल तर आपल्या २३० च्या प्लगात तो घालताक्षणी जळेल. लेकीने प्रेमाने पाठवलंय हे खरं, पण मोडेम तिकडे परत गेला तर तिच्याच उपयोगी पडेल. तिथे बऱ्याच केबल कंपन्या मोडेमचं महिन्याला भाडं घेतात, ते वाचेल.

आता केबलवाल्याकडे वळू. ‘केबलचं नेट’ असं तो म्हणतो तेव्हा त्याच्या मनात नेमकी कुठली वायर आहे, हे आधी काढून घ्या. केबलवाल्यांनी अलीकडे टीव्हीच्याच खांबांवरून फायबर ओढलेली पुष्कळ ठिकाणी दिसते, आणि गावात सगळ्यालाच सरसकट केबल म्हणतात, घरातल्या प्रत्येक खोक्याला मोडेम. शेजाऱ्यांकडे फायबर असेल तर त्यांच्या घरी जाऊन वायर नीट बघून या. ती बारीक, चपटी, काळी असते आणि टोकाला निळी नाहीतर हिरवी प्लास्टिकची पिन असते. खोक्यावर ‘पॉन’ नावाचा हिरवा दिवा असतो, लाइन तुटली की ‘लॉस’चा लाल दिवा लागतो. त्या खोक्याला ओएनयू किंवा ओएनटी म्हणतात. तो केबल मोडेम नव्हे, आणि एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

दोन्ही मिळत असतील तर तुमच्या घराला फायबरच घ्या, असं मी बेलाशक सांगते. मुंबई-पुण्यात एखाद्याने कोॲक्सवरचं नेट घेतलं तर मी हरकत घेणार नाही, तिथे ती लाइन नीट राखली तर चांगली चालते. पण किनाऱ्यावरच्या वाडीत हिशेब बदलतो, आणि तो स्पीडमुळे नाही, विजेमुळे बदलतो.

कोॲक्सवरचा सिग्नल काही अंतर गेला की क्षीण होतो, म्हणून थोड्या थोड्या अंतरावर अँप्लिफायर लावावे लागतात. प्रत्येक अँप्लिफायरला वीज हवी. वाडीची लाइट गेली की तुमच्या घरात इन्व्हर्टर असेल, मोडेम चालू असेल, पण मधल्या खांबावरचा अँप्लिफायर बंद पडलेला असेल. मग नेटही बंद. त्याला बॅटरी लावता येते, पण ती भरलेली ठेवायला खांबाखांबाशी जाणारा माणूस लागतो. फायबरमध्ये केबलवाल्याच्या ऑफिसपासून तुमच्या ओटीपर्यंत विजेवर चालणारं काही लागत नाही. मधे फक्त काचेचा धागा, आणि तो वाटणारे स्प्लिटर, तेही बिनविजेचे. त्याच्या ऑफिसात वीज आणि तुमच्या घरात वीज, एवढं असलं की नेट चालू. जून-जुलैत लाइट किती वेळा जाते हे मी तुम्हाला सांगायला नको.

दुसरं कारण खारा वारा. कोॲक्सच्या टोकाला जी पितळी-निकेलची पिन असते, एफ कनेक्टर, ती समुद्राजवळ वर्षभर उघड्यावर राहिली की काय होतं ते एकदा उघडून बघा. टीव्हीच्या वायरीचा बाहेरच्या स्प्लिटरला जोडलेला पेच सोडवा. मधल्या तारेवर हिरवा कळंक चढलेला दिसेल. स्वस्त वायरीत ती तार आतून लोखंडाची आणि वरून तांब्याचा मुलामा दिलेली असते, मुलामा गेला की खाली गंज. जाळी काळी पडून बोटाने चुरते. टीव्ही अशाही जॉइंटवर बऱ्यापैकी चालतो, अधूनमधून चित्राचे चौकोन होतात आणि आपण ते चालवून घेतो. नेट मात्र अशा जॉइंटवर दर दहा मिनिटांनी अडखळतं, आणि माणसं मोडेमला दोष देऊन नवा मोडेम आणतात. फायबर काचेचं, त्याला खार लागत नाही. त्याचेही जॉइंट पाण्यापासून जपावे लागतात, माडाची झावळ पडली किंवा वानरं लोंबकळली तर तेही तुटतं, पण कणाकणाने कुजत नाही.

तिसरं कारण वीज, म्हणजे आकाशातली. वळवाच्या आणि परतीच्या पावसात आपल्याकडे जे कडाडतं, त्यात तांब्याची लांब वायर विजेची लाट थेट घरात आणते. मोडेम जळतो, त्याच्या लॅन वायरीतून पुढे लॅपटॉपही जातो. काचेतून वीज वाहत नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: फायबरच्या बाहेरच्या वायरीला आधारासाठी लोखंडी तार जोडलेली असते. बसवणाऱ्या पोराने ती तार बाहेरच, वाशाच्या नाहीतर भिंतीच्या हुकाला बांधून तोडली पाहिजे. ती तशीच खिडकीतून आत ओढली तर काचेचा फायदा गेला. समोर उभं राहून हे करून घ्या. आणि गडगडाट जवळ आला की अडॅप्टरचा प्लग काढायचा, फायबर असलं तरी, कारण लाट महावितरणच्या लाइनीतूनही येते.

तुमच्या वाडीत फायबर पोचलंच नसेल तर? केबलवाल्याखेरीज बीएसएनएलच्या फायबरची चौकशीही करा, ते बऱ्याच गावांत स्थानिक भागीदारामार्फत जोडणी देतात. तरी नाहीच मिळालं आणि कोॲक्सवरच जायची वेळ आली, तर मोडेम विकत घेऊ नका, केबलवाल्याकडूनच डिपॉझिटवर घ्या. तो त्याच्या लाइनीशी जुळणारा असेल आणि विजेने जळला तर बदलून कोण देणार हे आधीच ठरवता येईल. हे पावतीवर लिहून घ्या. त्याच्याकडे दोन-चार मॉडेल असतील तर ३.० च्या खालचं घेऊ नका. जुनं २.० चं यंत्र एकाच चॅनलवर चालतं, ३.० अनेक चॅनल एकत्र बांधतं. खोक्यावर ‘८ × ४’, ‘१६ × ४’ असं छापलेलं असतं. पहिला आकडा येणाऱ्या चॅनलांचा, दुसरा जाणाऱ्यांचा. १६ × ४ तुम्हाला भरपूर झालं. ३.१ साठी जास्त पैसे तेव्हाच द्या जेव्हा केबलवाल्याची लाइन खरोखर ३.१ ची असेल.

मोठा आकडा म्हणजे चांगला मोडेम, असंही नाही. इंटेलच्या ‘प्यूमा ६’ या चिपवर चाललेले मोडेम २०१६ च्या सुमारास बरेच गाजले. त्यातल्या आरिस सर्फबोर्ड एसबी६१९० वर ३२ × ८ असा दणदणीत आकडा होता, स्पीड टेस्टही छान यायची, पण मधेच उत्तर यायला क्षणभर उशीर व्हायचा. व्हिडिओ कॉलवर काम करणाऱ्याला तोच उशीर छळतो. सेकंडहँड कोणी तसा मोडेम देऊ केला तर नको म्हणा.

कोॲक्स घेतलंत तर वायरीबाबत हट्ट धरा. खांबापासून मोडेमपर्यंत आरजी-६ जातीची नवी वायर, मधे जोड नाही, पिन मशीनने दाबून बसवलेली, पिळून घातलेली नाही, आणि बाहेरच्या प्रत्येक पेचावर रबरी सेल्फ-फ्यूजिंग टेप. टीव्ही आणि मोडेम यांच्यासाठी एकच दोन-तोंडी स्प्लिटर. दोन तोंडांचा स्प्लिटर सिग्नल साधारण साडेतीन डेसिबलने खाली आणतो, चार तोंडांचा सातने. जुन्या घरांत स्प्लिटरमागे स्प्लिटर लावलेले असतात, ते सगळे काढायला लावा. लॅपटॉप असलेल्या कोणाला तरी सांगा, बसवून झालं की ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ हा पत्ता इंग्रजी आकड्यांत टाकून मोडेमचं पान उघड. येणारा सिग्नल उणे ७ ते अधिक ७ च्या आत, एसएनआर (म्हणजे खरखरीच्या मानाने सिग्नल किती स्वच्छ आहे तो आकडा) ३३ च्या वर आणि जाणारा ३५ ते ५० च्या दरम्यान असला पाहिजे. जाणारा आकडा पन्नाशीच्या वर गेला म्हणजे मोडेमला ओरडून बोलावं लागतंय, लाइनीत कुठेतरी खराब जॉइंट आहे. वायर बसवणारं पोरगं पायऱ्या उतरायच्या आत हे बघून घ्यावं.

फायबर मिळालं तर खोकं निवडताना एवढंच बघा: त्यात ५ गिगाहर्ट्झचं वायफाय आहे का, आणि लॅनचं पोर्ट गिगाबिटचं आहे का. स्वस्तातल्या ओएनयूला पुष्कळदा १०० एमबीपीएसचं पोर्ट आणि फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय असतं. मग २०० चा प्लॅन घेऊन शंभराच्या आतच वापरायला मिळतो. तसा तुम्हाला २०० चा प्लॅन लागणारही नाही. एका व्हिडिओ कॉलला दोन्ही दिशांनी ३-४ एमबीपीएस पुरतात. तुम्ही सगळे मिळून ५० किंवा १०० च्या प्लॅनमध्ये आरामात बसता. अपलोडही तेवढाच देणार का, हे मात्र विचारा. मुलाच्या कामाला त्याचीच जास्त गरज आहे आणि जाहिरातीत तो आकडा पुष्कळदा छापलेला नसतो.

घरातलं वायफाय हा तुमच्याकडे स्वतंत्र विषय आहे. चिऱ्याची भिंत जाड असते, आणि चिरा सच्छिद्र, पावसाळ्यात पाणी पिऊन बसतो. ओल्या भिंतीतून ५ गिगाहर्ट्झ जेमतेम एक खोली पार करतं. गच्चीवर किंवा माळ्यावर पत्र्याची शेड असेल तर वर काहीच पोचत नाही. केबलवाला सवयीने खोकं पडवीत, खिडकीजवळ ठोकून जाईल, कारण त्याला वायर कमी लागते. तसं करू देऊ नका. फायबर माजघरापर्यंत आत घ्या, आणि मुलगा ज्या खोलीत बसणार तिथे एक कॅट-६ लॅनची वायर ओढून घ्या. कामाचा लॅपटॉप वायरीवरच लावायचा, वायफाय तुमच्या मोबाइलला आणि टीव्हीला. ही वायर घराच्या आतून न्या. बाहेरच्या अंगाने, गोठ्याच्या किंवा वेगळ्या खोलीच्या छपरावरून ओढलीत तर पुन्हा विजेचा धोका आला.

इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे ‘यूपीएस मोड’चं बटण असतं, ते चालू करा. नाहीतर लाइट गेली की बदलताना जो क्षण लागतो तेवढ्यात खोकं बंद पडून पुन्हा सुरू होतं, आणि तीन-चार मिनिटं कॉल जातो. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस मिळतो, दोन-तीन तास सहज काढतो. त्याच्यावर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर तुमच्या अडॅप्टरशी जुळवूनच घ्या.

पावसाळ्यात टिकेल का, याचं खरं उत्तर केबलवाल्याच्या ऑफिसात आहे. त्याला दोनच गोष्टी विचारा. लाइट गेल्यावर तुझ्याकडची यंत्रं किती तास चालतात? आणि तुझी मागची लाइन कुठून येते, एकाच वाटेने की दोन वाटांनी? चिपळूणहून येणारी एकच फायबर असेल तर रस्त्याच्या खोदकामात ती तुटली की अख्खा तालुका बसतो. बॅटरी सहा-आठ तास पुरते आणि डिझेलचा जनरेटरही आहे असं तो सांगत असेल, तर त्याच्या ऑफिसात जाऊन डोळ्यांनी बघून या. तुम्ही काकी आहात, तुम्हाला तो नाही म्हणणार नाही.

इतकं करूनही वादळाची गोष्ट वेगळी. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं तेव्हा दापोली-मंडणगडकडच्या गावांना कित्येक दिवस वीज नव्हती. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. खांबच आडवे झाले की फायबर काय आणि कोॲक्स काय. म्हणून मुलाच्या फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं एक सिम ठेवा, तुमच्या घरात ज्या कंपनीची रेंज सगळ्यात चांगली येते तिचं. त्यावरून हॉटस्पॉट घेऊन दिवस निघतो. मोबाइलचा टॉवरही बॅटरीवरच असतो, म्हणून मोठ्या वादळाचा इशारा आला की मुलाने साहेबांना आधीच कळवून ठेवावं. घरून काम करणाऱ्या माणसाचा असा निरोप कोणी वाईट मानत नाही.

जोडणी एप्रिलमध्येच करून घ्या, मुलगा येण्याची वाट बघू नका. सुरुवातीला एक महिन्याचंच पॅकेज घ्या, सहा महिन्यांचं स्वस्त पडतं म्हणून लगेच भरू नका. शेजारचं कोणी कॉलेजचं पोर असेल तर त्याच्याकडून लॅपटॉप लॅनच्या वायरीवर लावून रात्री नऊला, टीव्हीच्या वेळेला, स्पीड तपासून घ्या. तेव्हा जो आकडा येतो तोच खरा. फायबर असो की कोॲक्स, लाइन बऱ्याच घरांत वाटलेली असते, आणि गणपतीत चाकरमानी आले की प्रत्येक घरात आठ-दहा मोबाइल वाढतात. एप्रिलच्या रात्री १०० च्या प्लॅनवर ७०-८० मिळाले तर गणपतीतही मुलाचं काम अडणार नाही. २०-२५ च मिळाले तर पुढचे पैसे भरायच्या आधी केबलवाल्याला घरी बोलावून तो आकडा दाखवा, आणि शेजाऱ्यांच्या फायबरवाल्याचा नंबर घेऊन ठेवा.